लॅमिनेशनला दिलेला लांडगा

आमच्या वऱ्हाडात ज्या कागदाला मान द्यायचा, तो कागद लॅमिनेशन करून आणतात. सातबारा, मार्कशीट, देवाचा फोटो, गेलेल्या माणसाचा फोटो, सारं प्लास्टिकात. माझं स्वतःचं ड्रॉइंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आईनं असंच चकचकीत करून भिंतीला ठोकलं होतं. त्यामुळे अकोल्याहून चित्रकार चाचांचा मुलगा फोनवर खुशीत म्हणाला, "मॅडम, तुमी यायच्या आधी सारे चित्रं लॅमिनेशनले देऊन देले, संध्याकाळपर्यंत एकदम चकाचक भेटतीन," तेव्हा त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण अमरावतीच्या बसस्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"थांबव!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता जाय अन् थांबव!"

त्याला ऐकू जायच्या आधीच लाइन कटली. तो फोन त्यांच्या घराशेजारच्या किराणा दुकानातला. पुन्हा लावला तर दुकानदार म्हणाला, तो ऑटो घेऊन केव्हाच गेला. लॅमिनेशनचं दुकान कोणतं, तर म्हणे टिळक रोडवर कुठंतरी असंन. त्या रोडवर अशी दुकानं काय एकदोन आहेत? मी मिळेल त्या बसमध्ये चढले.

मी अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायची आणि चित्रकथांची मूळ पानं जमवायची. छापलेली पुस्तकं नाही. चित्रकारानं कार्डशीटवर आपल्या हातानं काढलेलं पान, ज्याच्यावरून पुढं छपाई होते, ते. छापून झालं की या पानांना कोणी विचारत नाही. छापखान्यात त्यांच्यावर चहाचे कप ठेवतात, मग रद्दीत घालतात. मी ती सोडवून आणायची आणि पलंगाखाली सपाट ठेवायची. घरचे म्हणायचे, हिला वेड लागलं. लागू दे.

माझा भाऊ तिवसा तालुक्यात शेती करायचा. त्या वर्षांत पेपर उघडला की पहिल्या पानावर कोणत्या ना कोणत्या गावातल्या घराचा फोटो असायचा, आणि घरासमोर बसलेल्या बाईचा. भाऊ एकदा माझ्या पलंगाखालचा गठ्ठा पाहून म्हणाला, "लोकं मरून राहिले, अन् तुले पोराटोरायच्या चित्रकथा सुचून राहिल्या?" मी कोणाचं ऐकून घेणारी नाही. त्या दिवशी मात्र मी गठ्ठा नुसता पलंगाखाली परत सरकवला, आणि त्याचा राग कितीतरी दिवस डोक्यात होता.

चाचा म्हणजे अकोल्यातले एक म्हातारे चित्रकार. तरुणपणी साइनबोर्ड रंगवायचे आणि मुलांच्या एका साप्ताहिकासाठी चित्रकथा काढायचे. एका शेळ्या राखणाऱ्या पोरीची कथा होती ती. मेळघाटाच्या पायथ्याशी ती पोरगी, तिच्या शेळ्या आणि तिच्या मागावर असलेला एक लांडगा. मी लहानपणी ती वाचलेली. छपाई इतकी रद्दड आणि काळपट, की चाचांना लोक आयुष्यभर 'काळं फासणारा' म्हणाले.

पहिल्यांदा त्यांच्या घरी मूळ पानं पाहिली तेव्हा मी ती फरशीवर पसरून एकेक बघत बसले. अरे, काय रेघ होती! पोरीच्या ओढणीची एकच रेघ, पण खांद्यावर जाड आणि वाऱ्यात निघता निघता केसाएवढी. शेळ्या अशा, की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. जिथं चुकलं तिथं पांढरा पोस्टर कलर थापलेला, वर पुन्हा शाई. संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून, कापून, सायकल पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलेले. माणूस विचार कसा करतो, कुठं अडतो, कुठं धाडस करतो, ते त्या पानावर दिसायचं. छापील पानात नुसती गोष्ट होती.

आणि एक पान असं, ज्याच्यावर शब्दच नव्हता. पानभर कोरड्या ब्रशनं काढलेलं उंच गवत, त्यात ब्लेडनं शाई खरवडून काढलेली पाती, एका कोपऱ्यात ती पोरगी, आणि मधोमध कोरी जागा. नुसता कागद. पण दोन पावलं मागं सरकलं, की त्या कोऱ्या जागेतून लांडगा आपल्याकडं बघतो. एक रेघ न काढता काढलेला लांडगा! छापखान्यात कोणा शहाण्याला वाटलं, चित्रकार तिथं रंग भरायला विसरला. त्यानं छपाईचा ब्लॉक करताना तिथं काळं भरून टाकलं. म्हणजे तो लांडगा जगात फक्त त्या एका कार्डशीटवर होता.

चाचांना काचबिंदू झाला आणि नजर पार गेली. त्यानंतर त्यांनी गठ्ठा बांधून ट्रंकेत टाकला तो उघडलाच नाही. "मले आता हे काय कामाचं? बेटा, तू घेऊन जा," असं तेच मला म्हणाले. मी अमरावतीत एक छोटा हॉल मिळवला, फ्रेमवाल्याला सांगून ठेवलं. चाचांची चित्रं पहिल्यांदा भिंतीवर लागणार होती. त्या दिवशी मी गठ्ठा आणायलाच निघाले होते, आणि तो गठ्ठा लॅमिनेशनच्या मशीनसमोर पडला होता.

मशीनचे गरम रूळ त्या पानांचं काय करतील ते मला ठाऊक होतं. पंक्चरचं सोल्यूशन वितळणार, फुगे सरकणार, पांढऱ्याच्या खपल्या दबून फुटणार. आणि एकदा प्लास्टिक बसलं की बसलं. सोलायला जावं तर शाईच निघून येते.

मूर्तिजापूरच्या अलीकडं बस थांबली. पुढं ट्रकांची रांग. कंडक्टर खाली उतरून आला आणि म्हणाला, "रास्ता रोको हाय. कापसाच्या भावासाठी. आता बसा आरामात."

आरामात म्हणे! मी पर्स घेतली आणि उतरले. रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, मधे बायामाणसं बसली होती, घोषणा चालू होत्या. मला एका दांडग्या माणसानं अडवलं.

"कोठी चालल्या बाई?"

"अकोल्याले. मले जाऊ द्या, पलीकडून गाडी पकडते."

"पेशंट हाय का कोनी?"

'आहे' म्हणाले असते तर काम झालं असतं. पण मला घाईत खोटंही नीट सुचत नाही. "चित्रं हायत," मी म्हणाले. "एका म्हाताऱ्या माणसाची. तिकडं एकजण ते मशीनीत घालून खराब करून राहिला."

तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला, अगदी माझ्या भावासारखा. मग मागं वळून म्हणाला, "ऐका हो! आपला कापूस घरात पडून राहिला, अन् बाईले चित्रायची घाई!" दोघं-तिघं हसले.

माझ्या डोक्यात सणक गेली. "हसा," मी म्हणाले. "तुमी वर्षभर राबता अन् कोनी विचारत नाई, म्हनून रस्त्यावर बसले ना? त्या मानसानं जिंदगीभर मेहनत केली, त्यालेबी कोनी विचारलं नाई. अन् आता तो आंधया झाला. माह्यावर कायले हसता?"

आता हे मला बसमध्ये परत हाकलणार, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात खाली बसलेली एक म्हातारी चिडून म्हणाली, "जाऊ द्या ना वो तिले! पायी जाऊन राहिली, गाडी थोडीच मांगून राहिली?" त्या दांडग्यानं बैलाची वेसण धरून बैल थोडा मागं घेतला. मी त्या फटीतून पलीकडं गेले.

पलीकडं अडकलेली अकोल्याची एक बस परत वळत होती, ती मिळाली. शेजारी अकोल्याचाच एक माणूस होता. मी त्याला विचारलं, "टिळक रोडले लाइट कधी जाते?"

त्या काळात भारनियमनाचं वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ असायचं. "दुपारचीच जाते," तो म्हणाला. "पन त्यायचा काही भरोसा नाई. कधी जाते, कधी जातच नाई."

रोज मिक्सर मधेच बंद पडला की वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी मी, त्या दिवशी बसमध्ये हात जोडून बसले होते. देवा, लाइट जाऊ दे. बोरगाव मंजूच्या हॉटेलात पंखा फिरताना दिसला आणि मी जोडलेले हात आणखी घट्ट केले.

अकोल्यात ऑटो केला, टिळक रोडवर दुकान दुकान बघत गेले. एका झेरॉक्सच्या दुकानासमोर चाचांच्या मुलाचा ऑटो उभा दिसला. आत अंधार होता. पंखा बंद, मशीन बंद. लाइट गेली होती! मी दारातच "वा रे बाप्पा!" म्हणाले.

चाचा बाकावर बसले होते. चित्रं कशी चकाचक होतात ते अब्बांनाही कळावं म्हणून मुलानं त्यांना सोबत आणलं होतं. काउंटरवर दोन गठ्ठे. एक चकाकणारा, एक जुना. आणि खाली खोक्यात कार्डशीटच्या कापलेल्या पट्ट्या.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"मशीनीत बसत नव्हते ना मॅडम," दुकानदार म्हणाला. "बाजूले फालतूच्या रेघोट्या होत्या, तेवढ्या कापल्या."

त्या फालतूच्या रेघोट्या म्हणजे चाचांनी टाक चालतो का ते पाहायला मारलेल्या रेघा होत्या, कडेला करून पाहिलेले पोरीचे चेहरे होते. मी चकाकणारी पानं उलटू लागले. फुगे तिरपे झालेले, त्यांच्याभोवती सोल्यूशनचे तपकिरी डाग, पांढऱ्याला तडे. मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. दुकानदार बावरून उभा राहिला आणि चाचांच्या मुलाचा चेहरा उतरला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी माही मार्कशीट बी अजून लॅमिनेट नाई केली. पयले अब्बाचं केलं."

माझा राग जागच्या जागी अडकला. आणि नेमकी तेव्हाच लाइट आली. पंखा फिरला, मशीनचा लाल दिवा लागला, आणि दुकानदारानं सवयीनं जुन्या गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं. मी त्याच्या हातावर झडपच घातली. "हात लावाचं काम नाई!" सगळा जुना गठ्ठा मी छातीशी धरला. एकेक पान बघितलं. चौथं की पाचवं, लांडगा होता. धड, कोरा, कडांसकट. मला दुकानातच नाचावंसं वाटलं. अर्धी गेली तर गेली, प्रदर्शन होणार होतं, लांडगा भिंतीवर लागणार होता.

"बेटा," चाचा म्हणाले, "एक दे ना इकडं. पाहू दे कसं झालं."

मुलानं त्यांच्या हातात लॅमिनेट केलेलं पान दिलं. चाचांनी त्याच्यावरून बोटं फिरवली. मग उलटं केलं, पुन्हा फिरवली. "सुलट बाजू कोनती हाय?" त्यांनी विचारलं. मुलानं पान वळवून दिलं. चाचांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "काहीच लागून नाई राहिलं बोटाले."

मी माझ्या गठ्ठ्यातलं वरचं पान काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांची बोटं कागदावर टेकली आणि थांबली. मग अंगठा एका फुग्याच्या कडेवरून गेला. तर्जनी खाली सरकली, अडखळली. "इथं पांढरा लावला हाय मी," ते म्हणाले. "शेळीचं तोंड बिघडलं होतं." बोटं भराभर चालू लागली. "ही पोरगी. ही तिची काठी. हे झाड मी ब्लेडनं खरवडलं होतं." ते इतक्या जोरानं हसले, की बाहेरचा पानवाला वाकून बघू लागला. "अरे, मले दिसून राहिलं!" नजर गेल्यापासून त्यांनी गठ्ठा उघडलाच नव्हता, त्यामुळे बोटांना चित्र दिसतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

चाचांनी ते पान मांडीवर ठेवलं आणि माझ्या दिशेनं तोंड केलं.

"बेटा, नाराज नको होऊ. हे गुळगुळीत झाले, ते तू घेऊन जा. लोकायले डोये हायत, त्यायले चालते. जे वाचले, ते मले राहू दे."

मी गठ्ठा सोडला नाही. मग त्यांनी विचारलं, "लांडगा कोनत्यात हाय?"

मुलगा माझ्याकडं बघत होता, दुकानदारही. लांडगा माझ्या छातीशी होता. 'लॅमिनेशन झाला चाचा' एवढं म्हणायचं होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. खोटं सांगू कशाला, मला तो लांडगा हवा होता. ज्यांनी चाचांना काळं फासणारा म्हटलं त्या सगळ्यांना त्याच्यासमोर उभं करायचं होतं. आता त्याच्याशिवाय मी भिंतीवर काय लावणार होते?

"वाचला, चाचा," मी म्हणाले आणि पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. वर बाकीचा गठ्ठाही ठेवला.

त्यांची बोटं खरवडलेल्या गवतातून हळूहळू मधे आली. कोऱ्या जागेच्या कडेकडेनं एकदा पूर्ण फिरली, कान, पाठ, शेपूट. मग त्यांनी तळहात तिथंच ठेवून दिला. मी चकाकणारी पानं पिशवीत भरली, खोक्यातल्या पट्ट्याही मागून घेतल्या, आणि रास्ता रोको सुटला की नाही ते विचारायला बाहेर गेले.