डाव्या कानाचा कोप

माझा डावा कान तीन महिने दुखला आणि त्या तीन महिन्यांत त्या कानाला काहीही झालेलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर एक दाढ गेली होती.

मी तेव्हा बोरी अरबला शाळामास्तर होतो. आमच्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला तीन वर्षं होत आली होती. परत आल्यावर घराघरांतले देव नदीत सोडायचं ठरलं, आणि वस्तीतला शिकलेला म्हणून पहिली टोपली मी उचलली. नुसती उचलली नाही, भर बाजारातून छाती काढून नेली. सगळ्या गावानं पाहिलं. गुलाबरावांनी जरा जास्तच नीट पाहिलं.

या गुलाबरावांचं कापसाचं वावर शाळेला लागून होतं. रोज सकाळी ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसत (वावरात काम नसे असं नाही, पण ते गडी करत).

"मास्तर, कान काहून धरून राह्यले?"

"दुखतो."

"डावा हाय ना? टोपली कोन्या खांद्यावर नेलती?"

"डाव्या."

"मंग झालं. देवीचा कोप हाय."

"तीन वर्षांनी?"

"तिच्या मांगं का तुमचं एकच काम हाय?"

मी दात आवळून घेतले आणि हजेरी घ्यायला गेलो. दुपारपर्यंत कोपाची बातमी गावभर झाली. चौथीच्या वर्गाला मीच शिकवलं होतं की दुखणं देवीमुळे येत नाही. आता तो अख्खा वर्ग माझ्या कानाकडे बघत पाढे म्हणायचा. संताप संताप व्हायचा, पण पोरांवर ओरडणार तरी कसा? मी दात आवळून सत्तावीसचा पाढा ऐकायचो, आणि एकोणतिसापर्यंत कानात अशी कळ उठायची की डोळ्यांत पाणी यायचं.

आमची माय रोज लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायची. कान तुळतुळीत झाला, दुखणं तसंच. मग बाजारातल्या कान साफ करणाऱ्यानं कानातून हरभऱ्याएवढा खडा काढून दाखवला. पुढच्या बाजारी त्यानं गुलाबरावांच्या कानातूनही तेवढाच, तसाच, कडेला टवका गेलेला खडा काढला. म्हणजे खडा तोच होता! मी त्याच्याशी इतका भांडलो की दोन दिवस भाकर चावता आली नाही. म्हणून दारव्ह्याच्या बाजारातल्या दातवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "कान नाही, दाढ हाय," आणि मी विचार करायच्या आत त्यानं ती काढून हातावर ठेवली. कान दुखायचा थांबला नाहीच. मी दाढ रुमालात बांधून, तोंडात रक्त, डोक्यात राग, असा घरी आलो.

अंगणात कोंबडं बांधलेलं होतं.

"माय, हे कायले?"

"अंड्यासाठी."

"माय, हा कोंबडा हाय."

मायनं कोंबड्यापुढे मूठभर ज्वारी टाकली. मग म्हणाली, "लेका, तुह्यं दुखनं मले पाहवत नाही. रविवारपर्यंत बरं नाही वाटलं, त गुपचूप देऊन टाकीन देवीले. वस्तीत कोनाले मालूम पडनार हाय?"

ही नागपूरला सगळ्यांच्या पुढे चाललेली बाई! मला तिचा राग आला. तिला इथवर आणलं म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला. हे कोंबडं कापलं गेलं असतं तर माझ्या शब्दावर देव सोडणाऱ्या अख्ख्या वस्तीचं नाक कापलं गेलं असतं. शनिवारी पहाटेच्या मोटारीनं मी मायला घेऊन यवतमाळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून पाहिलं. "कान अगदी स्वच्छ आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही. आतापर्यंत काय काय केलं ते सांगा." असं म्हणून त्यांनी दोन बोटं माझ्या कानापुढे, जबड्यावर ठेवली. मी गुलाबरावांपासून सुरुवात केली. दातवाल्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी बोटं दाबली. मी असा ओरडलो की बाहेरच्या रांगेतले दोघं उठून गेले.

"दुखणं इथं आहे," बाई म्हणाल्या. "राग आला की तुम्ही दात करकचून आवळता. जबडा आखडतो, तिथल्या नसेवर ताण येतो आणि कळ निघते कानात."

"आणि दाढ?" मी रुमाल सोडला. त्यांनी ती खिडकीशी धरून पाहिली.

"छान होती," त्या म्हणाल्या.

औषध असं: गरम शेक, मऊ भात, दाताला दात लावायचा नाही आणि रागवायचं नाही. माय लगेच पुढे सरकली. "बाई, याच्यावर सुई नसन का? हा जन्मल्यापासून असाच हाय."

कोंबडा वाचला. पुढे पाच वर्षं तो आमच्या दारात आरवत होता, आणि कोणी विचारलं तर माय न लाजता सांगे, अंड्यासाठी पाळला.

पण त्या संध्याकाळी मोटारीतून उतरलो तर समोर गुलाबराव उभे.

"काय निघालं मास्तर?"

रागाचं गाळून नुसतं नस म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलायचं नाही, हे शील मी दीक्षेच्या वेळी चारचौघांत घेतलेलं, आणि शेजारी माय उभी.

"कोपच निघाला," मी म्हणालो. "पण देवीचा नाही, माहा."

गुलाबराव विचारात पडले. "मंग आता उतारा?"

"उतारा एकच हाय, गुलाबराव. उद्यापासून तुमी शाळेच्या ओट्यावर येऊ नका!"

हे मी इतक्या जोरात सांगितलं की बोलणं संपायच्या आत कान धरून खाली बसलो.