माशांची पेटी

"हात वर धर. कशाला लावू नगंस."

वैनी असं म्हणाल्या आणि मी दोन्ही हात डोक्यावर धरले. उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. पाणी काखेत उतरत होतं, फ्रॉकच्या बाहीत जिरत होतं. वैनींनी मला बोटही न लावता, नुसत्या खुणेनं, दिवाणखान्यातून मागच्या दारी काढलं. धुण्याच्या दगडापाशी भिंतीकडं तोंड करून उभी केली. "हितनं हललीस तर बघ." मी हलले नाही. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. तिसरीत होते मी.

गुन्हा एवढाच, की मी माशांच्या पेटीत हात घातला होता.

विट्याचा बंगला. मालक गलाईवाले. आमच्या भागातली पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी कुठं कुठं पांगलेली आहेत, हे मद्रासला होते. इकडं बंगल्यात वैनी राहायच्या आणि गोठ्यात दोन गाई. माझी आई तिथं शेणघाण, झाडलोट करायची. आम्ही गावाबाहेरच्या बौद्धवस्तीतले. आई मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. तिच्या चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा. प्यायचा, धुवायचा, पालथा घालायचा. मला ते कधी खुपलं नाही. लिहायला लाज वाटते, पण मला तो कप आवडायचा. त्यावर गुलाब होता.

मालकांनी मद्रासहून काचेची पेटी आणली तेव्हा माणसं मुद्दाम बघायला यायची. मी मागच्या दारातून बघायची. दोन खोल्यांपलीकडं नारिंगी काहीतरी हलायचं, तेवढंच. त्या दिवशी वैनी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. आई गोठ्यात. पेटीचं झाकण उघडं होतं. मी आत गेले, स्टुलावर चढले आणि हात घातला. कारण काही नाही. मासा धरून बघायचा होता. एक मासा बोटांना घासून गेला. मी हसले असणार, कारण वैनींनी जिन्यावरूनच विचारलं, "कोण हाय गं आत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे उताणे तरंगत होते. वैनींनी आईला पायरीशी बोलावलं.

"तुझ्या पोरीनं हात घातला आन् सगळं मासं मेलं. असला कसला हात म्हणायचा ह्यो?"

आईनं खराटा उचलला. तिनं खराट्याच्या दांड्यानं माझ्या उजव्या तळव्यावर मारलं, वैनी "बास" म्हणेपर्यंत. मग वैनी मला म्हणाल्या, "आता तूच काढ ती." म्हणजे मासे. जिवंत होते तेव्हा माझा हात चालत नव्हता. मेल्यावर माझाच हात पाहिजे होता. मी ते एकेक करून घमेल्यात काढले आणि उकिरड्यावर टाकून आले.

माझा हात वाईट आहे, हे मी खरं मानलं. पोरवयात मानलं ते मानलं, पुढंही मानत राहिले. शाळेत रोपं लावायची असली की मी झारी धरायची, रोप दुसरीच्या हातात द्यायची. भावाला पहिला मुलगा झाला तेव्हा सगळ्यांनी त्याला मांडीवर घेतलं, मी पाठदुखीचं निमित्त काढलं. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. शाळेत विज्ञान शिकवते. अंधश्रद्धा निर्मूलनावर दरवर्षी माझंच भाषण असतं, मुलं टाळ्या वाजवतात. आणि घरी आल्यावर विरजण मात्र नवऱ्याला लावायला सांगते. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणखी एक सांगायचं आहे. माझं सासरचं आडनाव असं आहे, की ऐकणाऱ्याला हवं ते समजून घेता येतं. मी समजू दिलं. "माहेर कुठलं?" विचारलं की "विट्याकडचं" म्हणायचं आणि विषय बदलायचा. यात मी फार तरबेज झाले होते.

गेल्या वर्षी संस्थेनं माझी बदली विट्याच्या शाळेत केली. संक्रांतीनंतर मराठीच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "गलाईवाल्यांच्याकडं हळदीकुंकू आहे. आपल्याला सगळ्यांनाच बोलावलंय." कुठला बंगला ते मला लगेच कळलं. आमच्यात हळदीकुंकू नसतं. तरी गेले. पेटी बघायची होती. आणि पुढच्या दारानं आत जायचं होतं. खरं म्हणजे हेच जास्त.

वैनी आता म्हाताऱ्या झाल्यात. गुडघे गेलेत, खुर्चीतून उठत नाहीत. मला ओळखलं नाही. "या या बाई, बसा. तुमी नव्या दिसताय." मी सोफ्यावर बसले. सुनेनं कुंकू लावलं, मी कपाळ पुढं केलं. तिळगूळ आणि वाण म्हणून स्टीलची वाटी हातात आली.

पेटी नवी होती, भिंतभर लांब, आत निळा दिवा. मी जवळ गेले. तेव्हा स्टूल लागलं होतं, आता पेटी माझ्या छातीखाली येत होती. मी दोन्ही हात पदरात धरले होते. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूक धरले होते.

"लय देखणी पेटी हाय वैनी," कुणीतरी म्हणालं.

"ही दुसरी," वैनी म्हणाल्या. "पयली लय गुणाची हुती. झाडलोटीला एक बाई यायची, तिच्या पोरीनं हात घातला पाण्यात. कुठली पोर ते आता चार बायकांत कशाला बोलायचं, समजून घ्या. मी लगीच तांब्याभर गोमूत्र वतलं, वर हळद टाकली. तरी न्हाई वाचलं मासं. रातीत सगळं उताणं. काय हात असतील बघा एकेकाचं."

बायका हसल्या. मराठीच्या बाई हसल्या.

मी पण हसले.

तिळगूळ तोंडात होता. तो गिळायच्या आधी डोक्यात उजाडलं. गोमूत्र. तांब्याभर. एवढ्याशा पेटीत. माझ्या नववीच्या कुठल्याही पोरीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की त्यात मासा जगत नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते, मला ते दिसलं नव्हतं. पण मी हसले होते. माझ्याच हातांना हसले होते. चप्पल उलट्या पायांत घातली. "बरं नाही वाटत का?" मराठीच्या बाईंनी विचारलं. "डोकं दुखतंय," म्हणाले.

रविवारी मलकापूरला गेले. आई तिथं भावाकडं असते. तिला सगळं सांगितलं. तिनं आधी एवढंच विचारलं, "तू हळदीकुंकवाला गेलीस?" मी खाली बघितलं.

मग मी गोमूत्राचं विचारलं. आई लसूण सोलत होती.

"म्याच आणून दिलं हुतं गोठ्यातनं," ती म्हणाली. "त्यांनी मागितलं. मी पायरीवर तांब्या ठिवला."

"मासे कशानं मेले, तुला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं?"

"मग मला मारलंस कशाला?"

आईनं हातातला लसूण खाली ठेवला. "काम सुटलं असतं," म्हणाली. "तुझी वह्या-पुस्तकं कशातनं आणली असती?" आणि पुन्हा लसणाकडं वळली. मला तिचा राग आला. मग माझा आला. तिला गप्प बसायला पोट होतं. माझ्याकडं काय होतं? पगार आहे, फ्लॅट आहे, एक सोयीचं आडनाव आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर बंगल्यावर गेले. वैनी त्याच खुर्चीत होत्या.

"या बाई. काय काम काढलंत?"

"वैनी, त्या दिवशी तुम्ही जिचं सांगितलंत ती पोर मी."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हातांकडं. मग सोफ्याकडं, जिथं मी परवा बसले होते.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "लय शिकलीस म्हणायचं."

आत्तापर्यंत मी 'तुमी' होते.

"मासे माझ्या हातानं मेले नाहीत. तुम्ही ओतलेल्या गोमूत्रानं मेले."

"गोमूत्रानं कोण मरतंय व्हय? आन् जुनं कशाला उकरतीस आता?"

"मी नाही उकरलं. तुम्ही उकरलंत. चार बायकांत."

सून चहा घेऊन आली होती. वैनींनी तिच्याकडं नुसतं बघितलं. ती ट्रे घेऊन तशीच दारात थांबली. एवढं शिकून, एवढ्या वर्षांनीही, त्या घरातला चहा माझ्यासाठी नव्हता, हे कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही. वाणाची वाटी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि निघाले.

रस्त्यात मराठीच्या बाईंना फोन लावला. उद्या मधल्या सुट्टीत सगळ्यांनी स्टाफरूममध्ये थांबा म्हटलं, बोलायचंय. त्या म्हणाल्या, "काय झालं? कुणाबद्दल आहे?"

"माझ्याबद्दल," म्हटलं.

उद्या सांगणार. माहेर कुठल्या वस्तीतलं ते सांगणार, आई कुणाकडं शेणघाण काढायची ते सांगणार, मासे कशानं मेले ते सांगणार. तिथं हसलेल्या शाळेतल्या सगळ्या बायका समोर असतील. त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे, आणि कुणी समजूत घालायला लागलं तर मध्येच थांबवणार. आणि मी पण हसले होते, हेही सांगणार.