तिसरी खेप

गल्लीत तिला सगळे मोजणीताई म्हणतात. वस्तीत हिवताप किती आहे, हे ती घरोघर जाऊन, प्रत्येकाच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन मोजते. सगळी घरं नाहीत, चिठ्ठीत निघतील तेवढीच. निघालेलं घर बंद असेल तर तीन खेपा घालायच्या; शेजारचं घर घेऊन काम उरकायचं नाही, हा तिचा दंडक.

चिठ्ठीत आमचं घर निघालं. दोनदा कुलूप बघून ती परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी नेमका एका गिऱ्हाइकाशी कोटाच्या बाहीवरून भांडून घरी आलो होतो. मी शिंपी, राग सदा नाकाच्या शेंड्यावर. इथे कुणाला ताप नाही, घर बंद होतं असं लिहा आणि वाटेला लागा, असं मी तिला दारातच सुनावलं. ती तिथेच पायरीवर बसली. शेवटी बायकोनेच तिला आत बोलावलं. बायकोला सहावा महिना होता. ती थकायची, पण अशा दिवसांत बाई थकणारच, म्हणून आम्ही मनावर घेतलं नव्हतं.

तपासणीच्या पट्टीवर माझी एक रेघ उमटली. बायकोच्या दोन. दोन म्हणजे हिवताप. अंगात ताप नसला तरी तो रक्तात दडून बसतो आणि पोटातल्या बाळाला वाढू देत नाही, असं मोजणीताईने सांगितलं. त्याच दुपारी तिने आम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. औषध लागू पडलं. मुलगी झाली, चांगली तीन किलोची. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तिच्या सामानासाठी मी आठ कप्प्यांची पिशवी शिवली आणि आम्ही तिघं तिच्या ऑफिसात गेलो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसासाठी पायरीवर का बसून राहिलात, असं मी विचारलं.

पिशवीचे कप्पे चाचपत ती म्हणाली, "दादा, नवीन होते तेव्हा एक घर दोनदा बंद मिळालं. कंटाळा केला आणि शेजारचं घर लिहून टाकलं. त्या बंद घरातल्या बाईलाही सहावाच होता, हे मला फार उशिरा कळलं."

पुढचं मी विचारलं नाही. मुलीला तिच्या मांडीवर दिलं. तिने बराच वेळ ती परत दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.