सोडा म्हणजे सोडा

सोडा पिणं तब्येतीला खरंच वाईट असतं का, असं आता मला कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, कोणता सोडा? गोटीचा, बाटलीतला गोड थंडा, भज्यात घालायचा, की गोळीतला? आणि पिणारा कोण? त्याला शुगर आहे का, त्याच्या किडन्या कशा आहेत? एवढं सगळं विचारून झाल्यावर शेवटी म्हणतो, डॉक्टरांना विचारा. समोरचा कंटाळतो. साध्या प्रश्नाला हा मास्तर सरळ उत्तर का देत नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. सरळ उत्तर मी एकदा दिलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती कमी होण्याची काही चिन्हं नाहीत.

मी वडवणीच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मग गल्लीत म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं उरतात. शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. नात्यानं त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं सडपातळ, आवाज मात्र दोन गल्ल्या ऐकू जाईल असा. त्या स्वतः वीसेक वर्षं कोयता घेऊन उसात राबलेल्या. शुगर निघाली, पाय सुजायला लागले, तेव्हा मुलानं आणि सुनेनं त्यांना गावातच ठेवलं. तेव्हापासून शाळेचं पातेलं त्यांच्याकडं आलं.

पोरांची पंगत उठली की मावशी समोरच्या किराणा दुकानातून नारिंगी थंडा आणायच्या आणि किचन शेडच्या पायरीवर बसून बारीक बारीक घोट घेत संपवायच्या. दिवसभरात तेवढा एकच लाड. "पोटातली आग शांत व्हती बगा, गुर्जी," म्हणायच्या. शुगरच्या माणसानं हे पिऊ नये, हे मला कळत होतं. एखाद्या दिवशी शेजारी बसून, हळू आवाजात सांगितलं असतं तर भागलं असतं. पण हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आमच्याकडं आरोग्याचा एक उपक्रम आला. प्रत्येक शाळेनं एक विषय घ्यायचा, घोषवाक्य करायचं, प्रभातफेरी काढायची. बाकीच्यांनी हात धुणं, नखं कापणं असले विषय घेतले. मला काहीतरी वेगळं हवं होतं. मोबाईलवर थंड्याविरुद्धचे चार-पाच व्हिडिओ पाहिले आणि त्याच भरात मला घोषवाक्य सुचलं: "सोडा सोडा, आरोग्य जोडा!" खरं सांगतो, सुचल्यावर मी एकटाच मोठ्यानं हसलो. एकच शब्द, दोनदा, दोन अर्थांनी, वर यमक. आपल्यासारखा आपणच, असं मला वाटलं.

मग मी हवेत गेलो. शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत ते रंगवून घेतलं. वर्गात काचेच्या ग्लासात काळा थंडा ओतून त्यात गंजलेला बोल्ट टाकला. दुसऱ्या दिवशी बोल्टचा गंज बराच निघालेला होता. पोरं "आयो!" म्हणून मागं सरकली. "लोखंडाचं हे होतंय, तर तुमच्या आतड्याचं काय होत असंल?" मी विचारलं. आमच्या घरी तांब्याची भांडी चिंचेनं घासतात, लख्ख निघतात, आणि तीच चिंच आमटीतही पडते. आजवर आमच्या घरात कुणाचं आतडं झिजलेलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. थंड्यातला खरा त्रास साखरेचा, बुडबुड्यांचा फारसा नाही, हेही मी वाचलं होतं. पण साखर म्हटलं की पोरं दचकत नाहीत. बोल्ट पाहून दचकतात.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला जड जातंय. या सगळ्या दिवसांत मी स्वतः संध्याकाळी वडवणीच्या स्टँडवर उतरलो की गाड्यावर मसाला सोडा प्यायचो. रोज. गावातलं कुणी दिसलं तर ग्लास खाली धरून पाठ फिरवायचो.

बोल्ट ग्लासातून काढून दाखवला त्या दिवशी केंद्रप्रमुख आले होते. वर्गात पोरं, दोन शिक्षक, दारात मावशी, हातात मोठी पळी तशीच. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात मावशींनी विचारलं, "गुर्जी, गोळीतला सोडा बी वाईट आसतो का?"

मला ठाऊक होतं की त्या महिन्याला एकदा बीडला दवाखान्यात जातात. त्यांच्या पिशवीत औषधांची प्लास्टिकची थैली असते, हेही मी पाहिलेलं होतं. "कुठली गोळी, मावशी?" एवढंच विचारायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. गोळीतल्या सोड्याचं मला काहीएक माहीत नव्हतं. पण केंद्रप्रमुखांसमोर मास्तरनं "मला माहीत नाही" म्हणायचं? मी हात वर केला आणि नाटकातल्यासारखा थांबून म्हणालो, "मावशी, सोडा म्हणजे सोडा!"

वर्ग खदखदून हसला. केंद्रप्रमुख हसले. त्यांनी मोबाईल काढून माझा, ग्लासाचा आणि बोल्टचा फोटो घेतला. मावशीही हसल्या आणि पळी घेऊन शेडकडं गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थंडा बंद केला. मी स्टाफरूममध्ये शेखी मिरवली की बघा, सगळ्यात अवघड विद्यार्थी सुधारला.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. दुपारी बाराच्या सुमारास शाळाभर खिचडी करपल्याचा वास सुटला. जाऊन पाहतो तर मावशी शेडच्या भिंतीला टेकून बसलेल्या, आणि डोंगर चढून आल्यासारख्या जोरजोरात श्वास घेत होत्या. बोललं की दम लागायचा. तीन दिवसांपासून अन्न जात नव्हतं, उलट्या होत होत्या, हे पोरांकडून कळलं. मुलगा-सून कर्नाटकात कारखान्यावर. मी आणि मुख्याध्यापकांनी त्यांना गाडीत घातलं आणि थेट बीड गाठलं. मुख्याध्यापक कागदपत्रं करायला खाली थांबले, मी मावशींबरोबर वर गेलो.

डॉक्टर तरुण बाई होत्या, कामात चोख. रक्त तपासलं, सलाईन लावलं, जुनी फाईल चाळली. मग मला म्हणाल्या, "यांच्या किडन्या आधीच कमी चालतात. अंगातलं आम्ल बाहेर पडत नाही, म्हणून यांना सोड्याच्या गोळ्या दिल्या होत्या. ते आम्ल खूप वाढलंय." आणि मावशींकडं वळून विचारलं, "त्या गोळ्या चालू होत्या ना?"

"न्हाई. बंद केल्या."

"कधीपासून?"

"झाला की दीड महिना."

हिशेब करायची गरज नव्हती. बोल्ट, ग्लास, हसणारा वर्ग, सगळं त्या दीड महिन्यात बसत होतं.

"का बंद केल्या? कुणी सांगितलं बंद करायला?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. डोळे खोल गेले होते, पण नजर सरळ होती. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. बोलायला तोंड उघडलं असतं तर हातभरावर डॉक्टरांचा कान होता. मी वर सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागलो, जणू थेंब मोजायचं काम माझ्याकडं होतं.

"कुणी न्हाई," मावशी म्हणाल्या. "माझ्याच मनानं सोडल्या."

डॉक्टर चिडल्या. चिडणं बरोबरच होतं. "असा अडाणीपणा करतात का? जिवावर बेतलं असतं. कुणीतरी काहीतरी सांगतं आणि तुम्ही औषध सोडता." मग माझ्याकडं वळून, आवाज मऊ करून म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच जरा समजावून सांगा यांना."

आणि मी समजावून सांगितलं. हे लिहिताना माझे कान गरम झालेत. "मावशी, असं करू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. आपल्याला कळत नसलं तर विचारावं." असं मी म्हणालो, वर्गात म्हणतो त्याच आवाजात. मावशींनी मान डोलावली. "व्हय गुर्जी," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कारखान्यावरून आला. कपड्यांवर उसाची काजळी तशीच, दोन गाड्या बदलून आलेला. वॉर्डाच्या दारात त्यानं खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. "गुर्जी, तुमी व्हते म्हणून माय वाचली." त्याला उठवताना मी "अरे, असू दे, असू दे," म्हणालो. लोकांना ते नम्रपणाचं वाटलं असणार.

मावशी वाचल्या. पण डॉक्टरांनी सांगितलं की किडन्यांची ताकद आणखी उतरली आहे आणि पुढं डायलिसिसची वेळ येऊ शकते. किडन्या तशाही उतरतच होत्या, एवढं सगळं गोळ्यांमुळंच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. मी ते वाक्य बरेच दिवस धरून बसलो. मुद्दाम दुसऱ्या एका ओळखीच्या डॉक्टरला फोन करून तेच पुन्हा वदवून घेतलं. म्हणजे माझा वाटा केवढा, हे मी कमी करून घेत होतो. आगीपुढं उभं राहायला मात्र मावशींना बंदी झाली. शाळेचं पातेलं दुसऱ्या बाईंकडं गेलं.

थंडा सोडला ते चांगलंच केलं, असं डॉक्टरांनी फाईल बघून सांगितलं होतं. शुगर खाली आली होती. म्हणजे माझं घोषवाक्य अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर लोक पुरता विश्वास ठेवतात. त्यातही शाळेच्या भिंतीवर लिहिलेली असली तर विचारायलाच नको. मी कधी माझ्याच भिंतीकडं तसं पाहिलं नव्हतं.

दोन आठवडे मी मावशींच्या घरावरून जायचं टाळलं. लांबच्या वाटेनं शाळेत जायचो. शेवटी एका सकाळी, शाळा भरायच्या आधी, गेलो. त्या ओसरीत पोत्यावर बसून लसूण सोलत होत्या. मुलगा परत कारखान्यावर गेला होता, तोड संपायची होती. मला बघून त्यांनी पदर सावरला. "या गुर्जी. बसा." मी बसलो. तब्येत विचारली, गोळ्या विचारल्या. त्यांनी आतून थैली आणून एकेक पाकीट दाखवलं. कोणती सकाळची, कोणती रात्रीची, सगळं तोंडपाठ. या बाईला मी औषध कसं घ्यावं ते शिकवलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही वर्गात विचारलं होतं. गोळीतल्या सोड्याचं. मला माहीत नव्हतं."

"ते कळलं मला मागून," त्या म्हणाल्या. लसणाची पाकळी सोलून ताटलीत टाकली. "तवाच म्हणायचं की म्हाईत न्हाई म्हणून. म्या काय तुमाला हसले आसते?"

मी विचारलं, "डॉक्टरबाईंना माझं नाव का सांगितलं नाही?"

त्यांचे हात थांबले. त्या माझ्याकडं पाहत होत्या, दवाखान्यात पाहिलं होतं तसंच.

"म्या कावून सांगायचं? म्या तुमच्याकडं बगितलं की, गुर्जी. म्हणलं, आता बोलताल. लई वाट बगितली. तुमी वरच बगत व्हते." आवाजात राग नव्हता, तक्रार होती, आणि ती ऐकणं रागापेक्षा अवघड होतं. "दवाखान्यातले समदे मला आडाणी म्हणून ऱ्हायले. माझ्या लेकानं बी म्हणलं. माय, तू आडाणी ती आडाणीच."

मी दोन्ही हात जोडले. "चुकलं माझं, मावशी. माझ्यामुळं झालं हे सगळं."

त्यांनी ओसरीवरून बाहेर पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग खाली बघून पुढची पाकळी उचलली.

"आता म्हणून काय उपेग, गुर्जी," त्या म्हणाल्या. "हितं तर आपुन दोघंच हाव."