कुलूप लावलेला हौद

चिंचणीहून निघालो तेव्हा घरात माझ्यापेक्षा सायकलीचीच काळजी जास्त होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एसटीच्या टपावर काथ्याने बांधली आणि बोईसरपर्यंत दर वळणाला खिडकीतून मान काढून वर पाहत राहिले. मला पुण्याच्या कचेरीत कारकुनी लागली होती. बोईसरला आगगाडी सुटताना ते म्हणाले, "सायकल हाय, तर फिर. पायाखालची वाट म्हाईत नाय, तो मानूस परकाच र्‍हातो." रडू येऊ नये म्हणून मी सायकलीच्या लगेज-पावतीकडेच बघत बसलो.

फिरलो. गावात राहिलेल्यांना वाटतं, बाहेर पडलेले मजेत असतात. खरं सांगतो, पहिले सहा महिने मला पुण्यात नावाने हाक मारणारा माणूस नव्हता. मग कचेरीतले जोशी भेटले. ते आणि त्यांचे पाचसहा मित्र दर रविवारी सायकली काढून पेठापेठांतून हिंडायचे. जुने दरवाजे, दगडी कमानी, पाण्याचे हौद बघायचे, टिपून ठेवायचे आणि मग एका देवळाच्या पायरीवर सभा भरवून तावातावाने भांडायचे. मीही भांडू लागलो. चिंचणीचा माणूस मागे राहतोय थोडाच!

त्यातच एका आळीतला हौद बुजवायचं घाटत होतं. आम्ही अर्ज केले, खेटे घातले, हौद वाचवला. पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून भोवती जाळी ठोकली आणि कुलूप घातलं. हौदावर धुणं धुणाऱ्या बायकांनी आम्हाला शेलक्या शिव्या दिल्या. आम्ही त्या कौतुकाने ऐकून घेतल्या.

त्या दिवाळीला घरी गेलो. आईने माझी खाट तशीच अंथरून ठेवली होती. वर्षभर तिच्यावर कुणी पाठ टेकली नव्हती, थोरल्या भावाच्या पोरांनासुद्धा बसायची बंदी. जेवायला मला पाट, बाकी सगळे जमिनीवर. केळीच्या वाडीत कामाला जायला निघालो तर आई आडवी आली. "तू कशाला? चार दिसांसाठी आलास. बस." चार दिवस मी बसलो. लाडू खाल्ले. आपल्याच घरात पाहुणा झालो याचं इतकं वाईट वाटलं की सुट्टी संपायच्या आधीच परतलो.

परत आलो तर हौद हिरवागार. वास सुटलेला, डास झालेले. ज्या आळीसाठी भांडलो तीच आता म्हणत होती, बुजवा एकदाचा. सभेत जोशी म्हणाले, औषध टाकू. मला आमच्या वाडीतली विहीर आठवली. रहाट आठ दिवस बंद राहिला की तिचं पाणी बिघडायचं. मी म्हटलं, उपसा बंद केलाय आपण, दुसरं काही नाही. कुलूप काढा. दोन रविवार वाद चालला, मग काढलं. बायका आल्या, आम्हाला आणखी चार शिव्या देऊन हौद घासला आणि धुणी सुरू केली. होळीपर्यंत पाणी निवळलं.

मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. या खेपेला आईला विचारलंच नाही. पहाटे उठून वाडीत गेलो, रेड्याच्या डोळ्यांवर झापड बांधली आणि रहाटाच्या दांड्यावर बसून त्याला हाकू लागलो. गाडगी भरून वर येऊ लागली. रहाटाची कुरकुर ऐकून आई-आबा दोघं धावत आली. आई म्हणाली, "अरे, पावना ना तू! उतर. अवो, तुमी तरी सांगा त्याला."

आबा कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले. हेही बस म्हणाले असते, तर मग येऊन उपयोग काय होता?

"पावना कसला?" ते म्हणाले. "रेड्याला किती पळवतोय बघ, पानी समदं बाहेर सांडतंय. उतर तू. केळीकडचा पान्याचा पाट फुटलाय, खोरं घे नि तो बांध."

तारापूरचे, बोईसरचे, तुम्ही जिथे कुठे असाल तिथले गाववाल्यांनो, मी एवढंच सांगतो. माझं घर त्या ओरड्यात होतं. मी खोरं घेऊन केळीकडे गेलो आणि पाट बांधून होईपर्यंत मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते.