गादीतली म्हातारी

“मामू, म्हातारीले काढा यातून! मरून वर्ष झालं, तरी मले चहा मांगून राहिली!”

बाई ओरडत गादी बडवत होती आणि गादी खरंच खोकत होती. आमच्या बार्शीटाकळीच्या पिंजारीमामूंना त्याचं काहीच वाटलं नाही. ते कानांत कापसाचे बोळे घालूनच दुकान उघडत. नव्या कापसाला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं, अशी ती वर्षं; पण जुना कापूस फार बोलतो, ही मामूंची कायमची तक्रार. “चूप बेटा, चूप,” म्हणत त्यांनी गादीला गोंजारलं, उसवलं आणि कापूस पिंजायच्या धुनकीची तार छेडली.

पहिल्याच झणक्याला बाईची सासू बाहेर पडली आणि दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्यामागून सासूची सासू. शेवटी कोणी आजेसासरे निघाले आणि इंग्रजाच्या आगगाडीला शिव्या देत थेट अमरावतीकडे उडाले. खोटं वाटत असेल तर माझी मिशी बघा, त्यांचा कापूस अजून चिकटलेला आहे.

गादी मुकी झाली. बाई हसत घरी गेली.

आठवडाही झाला नाही, तर बाई परत दारात. डोळे सुजलेले.

“मामू, घर खायले उठते. दिवसभर मले हाक मारणारं कोणी नाई. म्हातारीले परत भरून द्या ना!”

मामूंनी धुनकी खाली ठेवली, एका कानातला बोळा काढला आणि तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

मग म्हणाले, “तिले तं तुह्या नवऱ्यानं कवाच उशीत भरून शेतावर नेलं, बेटी.”