कैलासची डावी बाजू

कान्हे स्टेशन मागे पडून बराच वेळ झाला होता. ओढ्याच्या वळणावर रस्ता अरुंद झाला. अनिता सरकून कैलासच्या डाव्या हाताला आली, तसा तो मागून वळसा घालून पुन्हा तिच्या पलीकडे गेला. स्टेशनापासून त्याचं हेच चाललं होतं.

"काय वो भाऊजी, चालताय का नाचताय? रस्त्याला येक गाडी न्हाई."

"खोकं लागंल तुमाला." त्याच्या डाव्या खांद्यावर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं खोकं होतं.

"मग त्या खांद्यावर घ्या की."

त्यानं घेतलं नाही. अनिता पुढं चालू लागली. तिच्याकडे मदरबोर्डचा डबा होता. लोणावळ्याच्या दुकानदारानं 'नाजूक असतं बरं का' म्हटल्यापासून तिनं तो आपल्या शालीत गुंडाळून पोटाशी धरला होता.

कैलास तिचा चुलत दीर. खंडाळ्याला एका बंगल्याची राखण करतो, बाग बघतो. पण मावळात त्याची ओळख बँजो पार्टीतला कैलास अशी. तिकोणा पेठेपासून कामशेतपर्यंत ज्या हळदीत तो वाजवायला नव्हता अशी हळद शोधावी लागेल. त्याचे हात ऑक्टोपॅडवर पडले की ओसरीवरच्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या. आणि गेल्या दिवाळीनंतर त्यानं पार्टी एकाएकी सोडली. का, ते कुणाला सांगितलं नाही. 'आता घरीच कॉम्प्युटरवर गाणी करणार,' एवढंच. लोक म्हणाले, गेमच्या नादी लागलाय. तेही अगदीच खोटं नव्हतं. अनिताच्या सार्थकबरोबर मोबाईलवर बंदुकांचा खेळ खेळायला बसला की त्याला जेवणाची शुद्ध नसायची.

पहिलं गाणं करायचं होतं ते चैत्रातल्या जत्रेसाठी, देवीचं, अनिताच्या आवाजात. देवळात ती म्हणते तसंच. म्हणून तर तिच्या नवऱ्यानं तिला सोबत धाडलं. "तू जा. ह्यो येकटा गेला तर अख्खं दुकान उचलून आणील."

दुकानात सत्यम नावाचा पोरसवदा मालक होता. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "गाण्यासाठी का गेमसाठी?"

"दोन्हीला."

"मग दादा, अडचण आहे. गेमला मोठं ग्राफिक कार्ड लागतं. ते तापतं, तापलं की पंखे जोरात फिरतात. आणि त्याच खोलीत तुम्ही माइक लावणार."

प्रोसेसर आणि रॅमचं दोघांचं चटकन जमलं. गाण्याचे थरावर थर चढवायचे तरी ते दणकट लागतात, खेळायचं तरी लागतात. घोडं अडलं ते पंख्यांपाशी. सत्यमनं काचेचं एक कॅबिनेट चालू करून दाखवलं. आतून रंगीत दिवे फिरत होते, गणपतीच्या आराशीसारखे. कैलास वाकून ऐकू लागला. त्याचा चेहरा फुलला.

"बघा वैनी! गाभाऱ्यावानी शांत."

"कुटलं शांत? घुंईऽ येतंय की. पहाटं कानाशी डास आल्यावानी."

"काकू बरोबर बोलतायत," सत्यम म्हणाला.

कैलास हसला. मग त्यानं हळूच मान वळवली आणि दुसरा कान कॅबिनेटला लावला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. उठला तेव्हा तोंडावरचं हसू गेलं होतं. मग त्यानं दिव्यांचं कॅबिनेट बाजूला सारलं. आतून स्पंज लावलेलं साधं काळं कॅबिनेट घेतलं, सावकाश फिरणारे मोठे पंखे घेतले, कार्ड मधलं घेतलं.

"गेम थोडा कमी चकचकीत दिसेल," सत्यमनं सांगून ठेवलं.

"दिसू द्या."

स्पीकर तो बघायलाही गेला नाही. हेडफोन घेतला.

हे सगळं अनिताच्या डोक्यात घोळत होतं. ओढ्यावरच्या मोरीपाशी ती थांबली.

"भाऊजी, डाव्या कानानं ऐकू येत न्हाई व्हय तुमाला?"

कैलासनं खोकं कठड्यावर ठेवलं. 

"खेळतानी कळलं," तो म्हणाला. "त्यात दुश्मनाची पावलं वाजत्यात. ज्या अंगानं येतो त्या कानात. उजवीकडचा मी बरोबर हेरायचो. डावीकडचा आला की मेलोच. सार्थक म्हनायचा, काका, बहिरं झाला का? मी बी हसायचो. मग येकदा हेडफोन उलटा घातला. तर उजवीकडची पावलं गायब."

वरातीत पार्टीच्या टेम्पोत त्याची जागा ठरलेली होती. स्पीकरच्या भिंतीला डावा खांदा लावून. इतकी वर्षं.

"डाक्टर काय म्हनले?"

"गेलेला यायचा न्हाई, ऱ्हायलेला जपा. म्हणून पार्टी सोडली. पण वैनी, गाणं करायचं म्हंजी या कानात किती, त्या कानात किती, हेच तर करायचं असतं. पार्टीतल्या पोरांना कळलं तर येका कानाच्या माणसाला कोन गाणं देणार? वाजवणं गेलंच, हे बी गेलं तर मी नुसता बंगल्याचा वॉचमन."

देवीनं असं का करावं, हे अनिताच्या ओठांवर आलं. पण असं तिनं कधी विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही. मनातल्या मनात नाव घेतलं आणि डबा नीट धरला.

"चला. अंधार पडंल," ती म्हणाली. या वेळी ती आपण होऊन त्याच्या उजव्या हाताला आली.

कैलासनं खोकं उचललं, पण पाऊल टाकलं नाही.

"वैनी, येक काम कराल? मंगळवारी देवळातनं येताना आमच्याकडं वाकडी वाट करून येत जा. हेडफोन घाला, आन डावीकडं काय वाजतंय ते मला सांगा. दुकानात म्हनलात ना, घुंई येतंय, तसंच. मला वाईट वाटंल म्हणून गोड बोलू नका. तेवढं करा."